थंडीतली दिल्ली आणि घरातली ज्येष्ठ मंडळी

नाताळची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक ठरावीक विनंती येऊ लागते : ‘डॉक्टर, दिल्ली पाहायला चाललो आहोत, आईबाबाही बरोबर आहेत, काही औषधे लिहून द्या.’ सर्दी, ताप, जुलाब यांच्या गोळ्या लिहून देणे अवघड नाही. मी मात्र आधी प्रवासाचा कार्यक्रम मागतो. तो बहुधा मोबाइलमध्ये असतो आणि बहुधा असा असतो : पहाटे साडेसहाला हॉटेल सोडणे, सात वाजता इंडिया गेट, मग राजघाट, लाल किल्ला, जामा मशीद, चांदणी चौकात जेवण, दुपारी हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार आणि संध्याकाळी अक्षरधाम. एका दिवसात आठ स्थळे! ज्याने हा कार्यक्रम आखलेला असतो त्याचे वय पस्तीस-चाळीस असते, आणि ज्यांना तो पार पाडायचा असतो त्यांतली दोन माणसे सत्तरीच्या घरातली असतात. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत हा कार्यक्रम जसाच्या तसा अमलात आणणे ज्येष्ठांच्या प्रकृतीला कसे जाचक ठरते, आणि थोडा फेरफार केल्यास तोच दिवस किती सुखाचा होऊ शकतो, हे या वेळी सविस्तर सांगावेसे वाटते.

प्रथम थंडीविषयी. ‘आम्हांला थंडीची सवय आहे’ असे नाशिक-निफाडकडची मंडळी म्हणतात, आणि त्यांची पहाट खरोखरच कडाक्याची असते. पण आपल्याकडे दहा वाजेपर्यंत ऊन तापते आणि दुपारी स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो. दिल्लीत जानेवारीच्या आरंभी सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आतच मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस ऐन माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर चढतो. मुंबईत त्याच वेळी तो ४८ अंशांच्या जवळ असतो. हे तिरके ऊन अंगाला गोड लागते, पण जमीन व दगड तापवत नाही. पहाटेचे तापमान चार ते सात अंशांपर्यंत उतरते. आणि धुके दुपारपर्यंत रेंगाळले, तर दिवसाचे कमाल तापमानही पंधरा-सोळा अंशांवर अडून राहते. म्हणजे आपली रात्र तिथे दिवसभर चालते. १७६१ सालच्या पौषात पानिपतावर उभ्या असलेल्या आपल्या लोकांना उत्तरेच्या या हिवाळ्यानेही गांजले होते, हे इतिहासप्रेमी वाचकांना ठाऊक असेलच. आपण लढाईला जात नाही, हाच काय तो दिलासा.

या थंडीत शरीर पहिली गोष्ट करते ती म्हणजे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसून घेते, जेणेकरून उष्णता बाहेर निसटू नये. वाहिन्या अरुंद झाल्या की त्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागतो आणि रक्तदाब वाढतो. त्यातच झोपेतून उठल्यानंतरच्या काही तासांत रक्तदाब निसर्गतःच चढा असतो. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या माणसाने पहाटेच्या धुक्यात झपाझप चालायला लागणे म्हणजे या दोन्ही गोष्टींवर परिश्रमाची भर घालणे होय. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात अधिक येतात, यामागचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की दिवस उशिरा सुरू करावा. अकरा वाजता बाहेर पडावे. सातच्या धुक्यात इंडिया गेट नीट दिसतही नाही. त्यासाठी वडिलांना साखरझोपेतून उठवण्याचे प्रयोजन काय?

उशिरा निघण्याचे याहून मोठे कारण दिल्लीच्या हवेत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला शेतातील धसकटे जाळल्याचा धूर डिसेंबरपर्यंत बराच ओसरलेला असतो. उरतात ती वाहने, कारखाने, रस्त्यावरची धूळ आणि थंडीपासून बचावासाठी ठिकठिकाणी पेटवलेल्या शेकोट्या. हा धूर एरवी वर चढून पांगला असता. परंतु हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि त्याहून उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. वाराही पडलेला असतो. परिणामी रात्रभर साचलेला धूर सकाळी आपल्या नाकाच्या उंचीवरच तरंगत असतो. दुपारी जमीन थोडी तापली की हे झाकण सैल होते आणि बहुतेक दिवशी बारा ते चार या वेळात हवा त्यातल्या त्यात बरी असते; सूर्य कलला की ती पुन्हा दाटू लागते. पहाटेची हवा शुद्ध असते हा आपला पिढीजात समज आहे, आणि तो आपल्या गावच्या नदीकाठी कदाचित खराही असेल. हिवाळ्यातल्या दिल्लीत तो साफ चुकीचा ठरतो.

या हवेतले सर्वांत उपद्रवी कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या अखेरच्या वायुकोशापर्यंत पोहोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची त्यांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटना तर १५ च म्हणते. दिल्लीत हिवाळ्यातल्या वाईट दिवसांत ती २०० च्या वर जाते.

हे आकडे पाठ करण्याची आवश्यकता नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप मोबाइलवर घ्यावे आणि न्याहारीच्या वेळी हवेचा निर्देशांक पाहावा. तो दोनशेच्या आत असेल तर निर्धास्तपणे फिरावे. दोनशे ते तीनशेमध्ये दमेकरी, हृदयरोगी व लहान मुले यांनी बेताने फिरावे. तीनशेच्या वर गेल्यास या मंडळींचा तो दिवस छताखाली काढावा. राष्ट्रीय संग्रहालयातले हडप्पाकालीन दालन एकटेच दोन तास सहज गुंतवून ठेवते. मात्र सोमवारी संग्रहालय बंद असते आणि लाल किल्ला व अक्षरधामही बंद असतात, तेव्हा वार पाहून बेत करावा. निर्देशांक चारशेच्या वर असेल तर धडधाकट तरुणांनीही उघड्यावर पायपीट करू नये. उलट, मध्येच एखादा पाऊस होऊन वारा सुटला, तर दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखे निघते. असा दिवस लाभला तर उरलेले सारे बेत बाजूला सारून फिरायला निघावे.

मुखपट्टीबद्दल हमखास विचारणा होते. मफलर नाकावरून गुंडाळल्याने ऊब मिळते आणि श्वासाबरोबर जाणारी हवा थोडी कोमट होते, हे दमेकऱ्याच्या उपयोगाचे आहे. पण सूक्ष्म कण त्यातून खुशाल आत जातात. साध्या निळ्या मुखपट्टीच्या कडांतूनही तसेच. एन-९५ मुखपट्टी नाकावर चिमटून, हनुवटीखाली घट्ट बसवली तरच उपयोगी पडते. ती लावून पायऱ्या चढताना वृद्धांना घुसमटल्यासारखे होते. तसे झाल्यास मुखपट्टी काढण्यापेक्षा थांबून बसणे चांगले.

आता एका रुग्णाची हकिकत सांगतो. हे निवृत्त शिक्षक, वय एकोणसत्तर. तरुणपणी बरीच वर्षे विड्या ओढलेल्या, आता सोडलेल्या. फुप्फुसाचा जुना विकार होता, पण पंपावर प्रकृती ठीक चालली होती. मुलगा, सून, नातवंडे यांच्यासमवेत ते दिल्लीला गेले. सकाळी लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजापासून दिवाण-ए-खासपर्यंत त्यांनी नातवाला १७६० सालची गोष्ट सांगितली, भाऊसाहेबांनी फौजेच्या खर्चासाठी तिथल्या छताची चांदी उतरवली ती. जामा मशिदीच्या तिसाहून अधिक पायऱ्याही ते चढले. दुपारनंतर हुमायूनच्या मकबऱ्यापाशी पोहोचल्यावर मात्र चौथऱ्याच्या खड्या जिन्याकडे पाहून ते म्हणाले, ‘मी इथेच बसतो, तुम्ही पाहून या.’ घरच्यांना वाटले, दमले असतील. तिथून मंडळी कुतुबमिनारला गेली. तिथेही ते बाकावर बसून राहिले. रात्री जेवले नाहीत. मध्यरात्री सुनेला जाग आली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, ओठ निळसर झाले होते आणि एक वाक्यही सलग बोलता येत नव्हते. चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्यांचा पंप सोबतच्या बॅगेत होता आणि ती बॅग दिवसभर हॉटेलच्या खोलीत होती.

परत आल्यावर मी त्यांना विचारले, ‘गुरुजी, दुपारीच का सांगितले नाही?’ ते म्हणाले, ‘पोराने वर्षभर रजा साठवल्या होत्या. माझ्यापायी त्यांचा खोळंबा कशाला?’

वाचकहो, आपल्याकडची वडीलधारी माणसे अशीच बोलतात. ‘मला काही होत नाही’, ‘मी पूर्वी पाहिले आहे’, ‘मला त्या जुन्या दगडांत काय कळते’ ही सारी त्याच एका वाक्याची रूपे. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने ‘तुम्ही पाहून या’ म्हटले, तर ते माझ्या लेखी एक लक्षण आहे, आणि खोकला किंवा तापाइतक्याच गांभीर्याने ते घ्यावयास हवे. अशा वेळी एकाने त्यांच्याजवळ बसावे. सहज गप्पा माराव्यात. श्वास न तोडता ते पूर्ण वाक्य बोलतात का? श्वास घेताना खांदे वर उचलले जातात का? पायांवर सूज दिसते का? छातीत जडपणा, जबड्यात वा डाव्या हातात कळ, आणि विशेषतः एवढ्या थंडीत कपाळावर घाम, यांपैकी काहीही आढळल्यास तिथूनच ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. हॉटेलवर जाऊन पडल्यावर बरे वाटेल, या आशेवर राहू नये. काही जण हल्ली बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत नेतात. गारठलेल्या बोटावर ते चुकीचे आकडे दाखवते. हात चोळून ऊब आणावी आणि मगच मोजावे.

पंप वडिलांच्या आतल्या खिशात असावा, कुणाच्या बॅगेत नको. थंडीने डबी गार पडली तर फवारा नीट निघत नाही. अंगाच्या उबेने ती बेताची राहते. इन्सुलिनचेही तेच. विमानाने जात असाल तर ते सामानात देऊ नका, कारण तिथे गोठण्याची शक्यता असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या कित्येक तास रखडतात. मिरजेहून वा पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने निघालात आणि निजामुद्दीनला सकाळऐवजी संध्याकाळी उतरलात, तर मधल्या साऱ्या मात्रा हाताशी असल्या पाहिजेत. निदान दोन दिवसांची अधिक औषधे जवळ ठेवावीत.

मधुमेही मंडळींची खरी परीक्षा चालण्यात होते. घरी दिवसाला दोन-अडीच किलोमीटर चालणारा माणूस इथे सात-आठ चालतो, आणि जेवण मात्र ‘अजून एक ठिकाण होऊ दे’ म्हणत तीन वाजेपर्यंत लांबते. गोळ्या किंवा इन्सुलिन ठरलेल्या वेळी आपले काम करून मोकळे झालेले असते. साखर उतरली की हात थरथरणे, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसतात. पण थरथर थंडीने आहे असे समजून दुर्लक्ष होते. शंका आली तरी आधी साखर वा ग्लुकोज द्यावे, मोजणी मागाहून करावी. रेवडी-गजक दिल्लीत कुठेही मिळते आणि मधुमेह्यांना ती वर्ज्यच. परंतु पुडीभर खिशात असू द्यावी, ती अशा प्रसंगासाठी.

पायांकडेही लक्ष हवे. जामा मशिदीत, अक्षरधामात, बांगला साहिब गुरुद्वाऱ्यात पादत्राणे काढावी लागतात आणि संगमरवर अक्षरशः बर्फासारखा असतो. गुरुद्वाऱ्याच्या प्रवेशापाशी पाय धुण्यासाठी वाहत्या पाण्याची पन्हळ असते. पावलांची संवेदना कमी झालेल्या माणसाला गारठाही कळत नाही आणि खडाही. मोजे चालत असतील तिथे जाड मोजे घालावेत; बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्यांसह पाय कोरडे पुसावेत आणि कोरडी जोडी चढवावी. रात्री पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी मात्र यांनी वापरू नये. ती भाजते आहे हे त्यांना समजत नाही. प्रत्येक हिवाळ्यात असा एखादा फोड माझ्यापुढे येतो.

यापुढचा विषय घरातल्या बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मीच बोलतो. प्रवासात स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून आपल्या आया, सासवा सकाळपासून पाणीच पीत नाहीत. थंडीत तहानही कमी लागते. उलट थंडीमुळे लघवी अधिक होते आणि कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जात राहते. संध्याकाळी चक्कर येते, दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते आणि परतीच्या प्रवासात ताप भरतो. याहून घातक प्रकार म्हणजे रक्तदाबाची किंवा हृदयाची ‘लघवीची गोळी’ फिरण्याच्या दिवशी परस्पर बंद करणे. दोन-तीन दिवस ती चुकली की हृदय अशक्त असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी साठू शकते. गोळीची वेळ बदलायची असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पुष्कळांच्या बाबतीत ते शक्य असते. कार्यक्रम आखणाऱ्याने स्मारकांच्या वेळांबरोबर स्वच्छतागृहांची ठिकाणेही टिपून ठेवावीत. तिकीट असलेल्या मोठ्या स्मारकांत, संग्रहालयात व बऱ्याच मेट्रो स्थानकांवर ती असतात. आणि दर दीड-दोन तासांनी ‘कुणाला जायचे आहे का’ असे न विचारता सरळ सर्वांनाच तिकडे न्यावे. विचारले तर आईचे उत्तर ‘नाही’ असेच येणार.

कपड्यांबाबत थोडक्यात : एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कान झाकलेले असावेत, आणि मेट्रोच्या उबेत शिरताच एक थर काढून बाहेर पडण्यापूर्वी पुन्हा घालावा. खाण्याबाबतही थोडक्यातच : डोळ्यांदेखत तळलेला पराठा किंवा निखाऱ्यावर भाजून लिंबू-मसाला लावलेले रताळे यांची मला धास्ती वाटत नाही, पाणीदार चटण्या, चिरून ठेवलेली फळे आणि उघड्यावरचे पाणी यांची वाटते. चांदणी चौकात हिवाळ्यातच मिळणारी दौलत की चाट, म्हणजे दुधाचा फेस, मोहक असते. परंतु तिचे दूध कसे व केव्हा तापवले हे कळायला मार्ग नाही. लहान मुले व वृद्धांनी ती नजरेनेच चाखावी.

मग दिवसाचा बेत कसा असावा? मी सांगतो तो असा. सकाळी खोलीतच न्याहारी व औषधे. अकराला निघून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने कुतुबमिनार. परिसर बराचसा सपाट आहे, आणि मिनाराच्या आत १९८१ सालच्या दुर्घटनेपासून सामान्यांना सोडत नाहीत, त्यामुळे ३७९ पायऱ्या चढण्याचा मोह कुणाला होण्याचा प्रश्नच नाही. दीडच्या सुमारास बसून गरम जेवण. त्यानंतर त्याच मार्गावरच्या जोरबाग स्थानकाजवळचे लोदी उद्यान. हिरवळीवर सतरंजी अंथरावी, आजीआजोबांना पाठीवर ऊन घेऊ द्यावे, नातवंडांनी सिकंदर लोदीच्या घुमटापर्यंत पळून यावे. चारला परत फिरावे. दोन स्थळे, बस्स. ज्यांना अधिक पाहायचे आहे अशा तरुणांनी संध्याकाळी स्वतंत्रपणे बाहेर पडावे, त्यास माझी हरकत नाही.

रात्रीची एक गोष्ट राहिली आणि ती सर्व वयांसाठी आहे. स्वस्त निवासांत कधी कधी खोली उबदार करण्यासाठी कोळशाची शेगडी आणून देतात, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो. बंद जागेत यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. शेगडी खोलीत घेऊच नये. ‘विझत आली आहे’ असे कुणी म्हटले तरी नको, कारण धुमसणारा कोळसाच हा वायू अधिक सोडतो. वीज-हीटर मागून घ्यावा. गॅसचा गीझर असल्यास बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार उघडे ठेवून हवा खेळू द्यावी आणि मगच स्नान करावे. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोके दुखणे, मळमळ, गरगरणे सुरू झाले आणि ताप कुणालाच नसेल, तर बाहेरच्या खाण्याला दोष देत बसू नये. दारे-खिडक्या उघडून सर्वांना ताबडतोब बाहेर काढावे व रुग्णालय गाठावे. तिथे पोहोचताच ‘खोलीत शेगडी होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण या विषबाधेत बोटावरचे ऑक्सिमीटर सर्व काही ठीक असल्याचाच आकडा दाखवीत राहते.